अरब असणे आणि अरब होणे : एका अस्मितेचा वाङ्मयेतिहास

१

अरब कोणाला म्हणावे, या प्रश्नाला सामान्यतः तीन उत्तरे दिली जातात. ज्याची भाषा अरबी तो अरब, हे पहिले उत्तर. अरबस्तानातील टोळ्यांच्या कुळात ज्याचा जन्म झाला तो अरब, हे दुसरे. अरबस्तानात उदय पावलेल्या धर्माचा आणि त्याभोवती उभ्या राहिलेल्या संस्कृतीचा वारसा जो सांगतो तो अरब, हे तिसरे. भाषा, वंश आणि संस्कृती या तीन निकषांपैकी एकही कसोटीला पूर्णपणे उतरत नाही. माल्टा बेटावरील लोकांची मातृभाषा सिसिली आणि उत्तर आफ्रिका येथील मध्ययुगीन अरबीतून निघालेली आहे. ती रोमन लिपीत लिहिली जाते, १९३४ पासून तिला राजभाषेचा दर्जा आहे, तरी माल्टाचे कॅथलिक रहिवासी अरब मानले जात नाहीत. उलट सोमालिया १९७४ साली अरब लीगचा सदस्य झाला, पण तेथील बहुसंख्यांची भाषा सोमाली आहे. इंडोनेशियातील मुसलमान कुराणाचे पठण अरबीतूनच करतो, पण तो अरब नव्हे. आणि बैरूत किंवा दमास्कस येथील ज्या ख्रिस्ती कुटुंबांचा इस्लामशी धर्म म्हणून काहीही संबंध नाही, त्यांतूनच आधुनिक अरब विचाराचे अनेक आद्य प्रवर्तक निघाले.

निकष अपुरे आहेत एवढे म्हणून हा प्रश्न सोडून देण्याची प्रवृत्ती आढळते. अस्मिता ही संमिश्र आणि प्रवाही असते, हे विधान खरेच आहे; पण ते सर्वच अस्मितांविषयी खरे असल्यामुळे अरबांविषयी विशेष काही सांगत नाही. अधिक उपयुक्त प्रश्न असा की, हे निकष कोणत्या काळात, कोणत्या गरजेपोटी आणि कोणाच्या हातून घडले? या दृष्टीने पाहू लागताच एक गोष्ट स्पष्ट होते. अरब अस्मितेचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात वाङ्मयीन व्यवहाराचा इतिहास आहे. व्याकरणे, काव्यसंग्रह, वंशावळी, कोश आणि वाङ्मयाचे इतिहास यांतून 'अरब' ही संकल्पना आकारास आली. आणि तिला आकार देणाऱ्यांमध्ये जन्माने अरब नसलेल्यांचा वाटा फार मोठा आहे. 'अरब असणे' ही स्थिती वारंवार 'अरब होणे' या प्रक्रियेतून सिद्ध होत आली आहे. ती सिद्ध झाल्यानंतर मात्र प्रक्रियेचे विस्मरण होते आणि तिच्या जागी जन्माची कथा येते. हे विस्मरण निरुपद्रवी नाही. कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला बाहेर ठेवावयाचे याचे निर्णय त्याच्याच आधारे झाले आहेत.

२

'अरब' हे नाव प्रथम दिसते ते इतरांच्या लेखनात. असीरियाचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात इ. स. पू. ८५३ मधील कर्करच्या लढाईचे वर्णन आहे. शत्रुपक्षात एक हजार उंटांनिशी आलेल्या गिंदिबू नावाच्या अरबाचा उल्लेख त्यात येतो. पुढील अनेक शतके ग्रीक, हिब्रू आणि रोमन लेखक वाळवंटात राहणाऱ्या, उंट पाळणाऱ्या नाना लोकांना हे नाव देत राहिले. त्या लोकांनी स्वतःला एकत्रितपणे अरब म्हटल्याचा पुरावा मात्र अत्यंत तुरळक आहे. सिरियातील नमारा येथे सापडलेला इ. स. ३२८ चा समाधिलेख नबाती लिपीत पण अरबी भाषेत आहे आणि इम्रुल कैस नावाच्या राजाचा उल्लेख त्यात सर्व अरबांचा राजा असा येतो, असे त्याचे प्रचलित वाचन आहे. तेथील 'अरब' हा शब्द लोकवाचक की प्रदेशवाचक, याविषयीही वाद आहे. पीटर वेब यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले आहे की, एक समाज म्हणून अरबांचे आत्मभान इस्लामच्या उदयानंतर, जिंकलेल्या प्रदेशांतील नव्या शहरांत घडले. हे मत संपूर्णतः मान्य केले नाही, तरी त्यातील मुख्य सूचना दुर्लक्षिता येत नाही : अरबांनी साम्राज्य उभारले हे जितके खरे, तितकेच साम्राज्याने अरबांना घडविले हेही खरे आहे.

बाहेरच्यांनी दिलेली नावे कशी प्रवास करतात, याचे एक उदाहरण कोकणातच मिळते. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६, च्या राष्ट्रकूट ताम्रपटात संजान प्रांताचा कारभार पाहणाऱ्या मधुमती या 'ताजिक' अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. 'ताजिक' हा शब्द, बहुतेक अभ्यासकांच्या मते, तय्यि या एका अरब टोळीच्या नावावरून इराणी भाषांमार्गे भारतात आला आणि सर्वच अरबांना लावला गेला. हाच शब्द मध्य आशियात पुढे फारसीभाषकांचे नाव झाला. एका टोळीचे नाव एका समाजाला मिळते आणि कालांतराने ज्यांच्याविरुद्ध तो समाज स्वतःची ओळख सांगत असे त्यांच्याकडेच जाते. नावावरून वंशाचा शोध घेऊ पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

अरबांनी स्वतःसाठी हा शब्द स्वीकारला तेव्हा त्याला एक प्रतिशब्द जोडून घेतला : 'अजम'. ज्याचे बोलणे अस्पष्ट, ज्याला नीट बोलता येत नाही, तो अजम. व्यवहारात हा शब्द सर्व परकीयांना आणि विशेषेकरून इराण्यांना लावला गेला. धातुपाठात 'म्लेच्छ्' हा धातू अव्यक्त बोलण्याच्या अर्थी दिलेला आहे, हे येथे आठवावे. स्वकीय आणि परकीय यांतील सीमा प्रथम कानाने आखली जाते, याची साक्ष दोन्ही शब्द देतात. अरबीत मात्र याच्या पुढची एक पायरी आढळते. शब्दाच्या अंत्य स्वरावरून त्याचा वाक्यातील संबंध दाखविण्याच्या व्यवस्थेला व्याकरणकारांनी 'इअराब' ही संज्ञा दिली. ती 'अरब' या शब्दाच्याच धातूपासून आलेली असून स्पष्ट करणे, अरबी करणे असा तिचा भाव आहे. अरबत्व हे अशा प्रकारे व्याकरणाच्या नियमात उतरले, आणि जे नियमात उतरते ते शिकता येते.

३

उमय्या खलिफा अब्दुल मलिक (कारकीर्द ६८५-७०५) याच्या काळापर्यंत इराकमधील दप्तर फारसीत आणि सिरियातील ग्रीक भाषेत चालत असे. इ. स. ६९७ च्या सुमारास इराकमध्ये आणि ७०० मध्ये सिरियात दप्तराची भाषा अरबी करण्यात आली. याच सुमारास नाण्यांवरील राजमुद्रा जाऊन अरबी मजकूर आला. या निर्णयाचा परिणाम केवळ प्रशासकीय नव्हता. ज्या कारकुनी घराण्यांची उपजीविका लेखणीवर होती, त्यांना अरबी आत्मसात करणे भाग पडले. त्याच काळी इस्लाम स्वीकारणाऱ्या परकीयाला एखाद्या अरब टोळीचा आश्रित, म्हणजे 'मौला', होऊन राहावे लागे. भाषेचे दार उघडे होते आणि कुळाचे दार अर्धवट बंद होते. पुढील दोन शतकांचा वाङ्मयीन इतिहास या दोन दारांमधील अंतरात घडला.

अरबी व्याकरणाचा पहिला परिपूर्ण ग्रंथ लिहिणारा सीबवैह (मृत्यू सु. ७९६) हा इराणात जन्मलेला होता. बसऱ्यात त्याने अल्-खलील या अरब गुरूपाशी अध्ययन केले आणि शुद्ध भाषेचा आधार म्हणून वाळवंटातील बदाउनींची वाणी प्रमाण मानली. शहरातील अरबाची भाषा भ्रष्ट झाली असे मानले जात असल्यामुळे, इराणी वैयाकरणाने त्या अरबाच्याच भाषेचा न्याय करावा, असा हा प्रसंग होता. इस्लामपूर्व काव्याच्या बाबतीतही हेच दिसते. 'मुअल्लकात' या नावाने प्रसिद्ध असलेल्या दीर्घ कविता अरब वाङ्मयाचा मूळ ठेवा समजल्या जातात. त्यांच्या संग्रहाचे श्रेय परंपरा हम्माद अर्-राविया याला देते; तो इराणी वंशाचा मौला होता. त्याचा समकालीन खलफ अल्-अहमर हाही मौलाच. दोघांवरही स्वतः रचलेल्या कविता प्राचीन कवींच्या नावावर खपविल्याचा आरोप मध्ययुगीन समीक्षकांनीच केलेला आहे. तात्पर्य, ज्या काव्यावरून अस्सल अरबत्वाची प्रतिमा सिद्ध होते, ते काव्य आजवर पोचले ते अरब 'झालेल्यां'च्या स्मरणातून, निवडीतून आणि कदाचित प्रतिभेतूनही.

नवव्या शतकात ऐन भरात आलेल्या 'शुऊबिय्या' वादाचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. अरबांचे श्रेष्ठत्व नाकारणारे, मुख्यतः इराणी दप्तरी वर्गातील लेखक त्यात एका बाजूस होते. अरब हे सरडे खाणारे, उंटांमागे धावणारे, वक्तृत्वाच्या वेळी हातात काठी धरण्याची ग्राम्य सवय असलेले लोक, असा त्यांचा उपहास होता. अल्-जाहिज (मृत्यू ८६८-६९) याने आपल्या 'अल्-बयान वत्-तब्यीन' या ग्रंथात त्या काठीच्या समर्थनार्थ एक अख्खे प्रकरण लिहिले. वरकरणी क्षुल्लक वाटणारा हा विषय वस्तुतः मूलभूत आहे : ज्या लोकांपाशी राजवाडे आणि ग्रंथालये नव्हती, त्यांची संस्कृती वाणीत आणि देहाच्या हालचालीत कशी असते, हे जाहिजने त्यातून दाखविले. हा जाहिज स्वतः बसऱ्यातील एका टोळीचा आश्रित होता आणि त्याचे पूर्वज आफ्रिकी होते असे परंपरा सांगते. अरबांच्या श्रेष्ठत्वावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा इब्न कुतैबा (मृत्यू ८८९) हा तर इराणी घराण्यातला. आणि ज्या सहल इब्न हारूनने (मृत्यू ८३०) इराण्यांची बाजू लढविली, त्याने ती उत्कृष्ट अरबीतच लढविली.

बश्शार इब्न बुर्द आणि अबू नुवास यांच्या काव्यातील वंशाभिमान या संदर्भात पुन्हा वाचला पाहिजे. बश्शार (मृत्यू सु. ७८४) इराणी रक्ताचा, पण बसऱ्याजवळच्या बनू उकैल या टोळीत वाढलेला. त्याच्या अरबीवर दोष काढणे वैयाकरणांनाही अवघड होते. आपल्या इराणी पूर्वजांचे राजवैभव तो अरबी कसीद्याच्या चौकटीत सांगतो. अबू नुवास (मृत्यू सु. ८१४) उजाड मुक्कामापाशी थांबून अश्रू ढाळण्याच्या जुन्या काव्यसंकेताची टर उडवितो, परंतु ती टर समजण्यासाठी तो संकेत श्रोत्याच्या रक्तात भिनलेला असावा लागतो. विद्रोहाची भाषा, तिचे छंद आणि तिचा श्रोता हे सारे अरबीच असल्यामुळे हा विद्रोह अरब परंपरेच्या बाहेर न जाता तिचाच विस्तार करतो. वाङ्मयेतिहासाने या कवींना 'अरब कवी' म्हटले ते योग्यच. पण ते म्हणताना 'अरब' या शब्दाचा अर्थ बदलला, याची नोंद त्याने केली नाही.

४

भाषा आत्मसात केली म्हणजे माणूस अरब होतोच, असा निष्कर्ष यातून काढता येईल काय? अल्बेरुणीचे उदाहरण याच्या विरुद्ध जाते. त्याची मातृभाषा ख्वारिझ्मी. फारसीतील स्तुतीपेक्षा अरबीतील निंदा आपल्याला अधिक पसंत पडेल, अशा आशयाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ज्ञानाची भाषा म्हणून अरबीवर इतकी निष्ठा असूनही तो अरब झाला नाही, आणि तसे होण्याची त्याला गरजही वाटली नाही. त्याच सुमारास, इ. स. १०१० मध्ये, फिरदौसीने 'शाहनामा' पूर्ण केला. इराणने धर्म स्वीकारला, लिपी स्वीकारली, शेकडो शब्द स्वीकारले. पण स्वतःच्या पूर्वकाळाची कथा स्वतःच्या भाषेत सांगण्याचा अधिकार सोडला नाही. इजिप्तमध्ये उलट घडले. तेथील ख्रिस्ती समाजाने धर्म राखला आणि भाषा सोडली. दहाव्या शतकात अश्मुनैनचा बिशप सावीरूस इब्न अल्-मुकफ्फा आपल्या धर्मबांधवांसाठी अरबीत ग्रंथरचना करू लागला होता. कॉप्टिक भाषा क्रमाने प्रार्थनेपुरती उरली. तरीही आज अनेक कॉप्ट स्वतःला अरब म्हणवून घेण्यास राजी नसतात. म्हणजे भाषा ही अरबत्वाची आवश्यक अट ठरली तरी पुरेशी अट ठरत नाही. भाषेबरोबर एक विशिष्ट भूतकाळ आपला म्हणून पत्करावा लागतो. इराणने तो पत्करला नाही. कॉप्टांनी भाषा पत्करली, भूतकाळाविषयी मात्र मन राखून ठेवले.

या व्यवहाराचे सर्वांत मर्मग्राही विवेचन इब्न खल्दूनने (१३३२-१४०६) केले. 'मुकद्दिमा'मध्ये तो दाखवून देतो की, इस्लामी परंपरेतील बहुतेक मोठे विद्वान वंशाने अजम होते. त्याचे कारण तो वंशात शोधत नाही. विद्या ही नागर जीवनातील कारागिरी आहे, आणि नागर जीवन अजमांपाशी अधिक स्थिरावलेले होते, असे तो म्हणतो. भाषेलाही तो 'मलका', म्हणजे सवयीने अंगी मुरणारे कौशल्य, मानतो. सीबवैहसारखे विद्वान वंशाने परके असले तरी अरबीच्या सहवासात वाढल्यामुळे ते कौशल्य त्यांच्या अंगी आले. उलट त्याच्या काळातील शहरी अरबीभाषकालाही ते अभ्यासानेच मिळवावे लागते. जन्मसिद्ध आणि संपादित यांतील भेद इब्न खल्दूनने अशा रीतीने भाषेपुरता तरी पुसून टाकला. लक्षणीय बाब अशी की, त्याच्या लेखनात 'अरब' हा शब्द अनेक ठिकाणी केवळ भटक्या बदाउनीसाठी येतो. ज्या शब्दाखाली पुढे विसाव्या शतकात कैरो, बगदाद आणि फेझ येथील नागरिक एकत्र आणले गेले, तो शब्द चौदाव्या शतकात त्या नागरिकांना स्वतःला सहज लागू पडत नव्हता.

५

वंशाच्या निकषाची तपासणी करण्यासाठी बाहेर जाण्याची आवश्यकता नाही. परंपरेने रचलेली वंशावळच ती करून देते. तिच्यानुसार हयात अरबांच्या दोन शाखा आहेत. कहतानचे वंशज, म्हणजे दक्षिणेकडील येमेनी टोळ्या, हे 'आरिबा' – मूळचे, अस्सल अरब. अदनानचे वंशज, म्हणजे उत्तरेकडील टोळ्या, इब्राहिमपुत्र इस्माईलपर्यंत आपले कूळ नेतात आणि त्यांना 'मुस्तअरिबा' – अरब झालेले – असे म्हटले जाते. कारण इस्माईलने अरबी ही जुर्हुम टोळीकडून शिकून घेतली, अशी कथा आहे. ज्या कुरैश कुळात पैगंबरांचा जन्म झाला, ते कूळ या दुसऱ्या शाखेत येते. परंपरेच्या गाभ्यातच अशी कबुली आहे की, तिचा सर्वांत पूज्य पुरुष 'अरब झालेल्यां'च्या कुळातला आहे.

हा अंतर्विरोध उघड करण्याचे कार्य ताहा हुसैन यांच्या १९२६ सालच्या 'फी अश्-शिअर अल्-जाहिली' या ग्रंथाने केले. इस्लामपूर्व म्हणून सांगितले जाणारे बहुतांश काव्य इस्लामनंतर, टोळ्यांच्या स्पर्धेतून, धार्मिक आणि राजकीय गरजांतून रचले गेले, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. त्याच्या समर्थनार्थ त्यांनी दिलेल्या युक्तिवादांपैकी भाषाविषयक युक्तिवाद सर्वांत महत्त्वाचा आहे. दक्षिण अरबस्तानातील शिलालेखांवरून तेथील हिम्यरी भाषा ही उत्तरेकडील अरबीहून भिन्न होती, हे एकोणिसाव्या शतकापासून सिद्ध झालेले होते. हिम्यरांची वाणी ती आपली वाणी नव्हे, असे आठव्या शतकातील बसऱ्याचा पंडित अबू अम्र इब्न अल्-अला यानेही सांगून ठेवले होते. मग कहतानी वंशाच्या मानल्या गेलेल्या इम्रुल कैससारख्या कवीची कविता अदनानींच्या अरबीत कशी? वंशावळ खरी मानली तर कविता संशयास्पद ठरते. कविता खरी मानली तर वंशावळ. ज्यांना वंशाने अस्सल म्हटले त्यांची भाषा अरबी नव्हती, आणि ज्यांची भाषा अरबी होती त्यांनी ती शिकून घेतली, अशा पेचात परंपरा सापडली.

ग्रंथावर काहूर उठले ते मुख्यतः इब्राहिम आणि इस्माईल यांच्या ऐतिहासिकतेविषयी त्यात व्यक्त झालेल्या शंकेमुळे. तक्रारी झाल्या, सरकारी अभियोक्त्याने चौकशी केली आणि १९२७ साली खटला न भरण्याचा निर्णय दिला. ग्रंथ मागे घेण्यात येऊन वादग्रस्त मजकूर वगळून नव्या नावाने प्रसिद्ध झाला. ताहा हुसैन यांचा काव्यविषयक निष्कर्ष अतिरेकी होता, असे पुढील संशोधनाने दाखविले आहे. मौखिक परंपरेच्या अभ्यासानंतर 'अस्सल' आणि 'बनावट' हे द्वंद्वच अपुरे वाटू लागले. परंतु वादाचे खरे मर्म काव्याच्या अस्सलपणात नव्हते. आरंभबिंदू म्हणून ज्याकडे बोट दाखविले जाते तो आरंभ नंतरच्या पिढ्यांनी रचलेला असू शकतो, ही शक्यता त्या ग्रंथाने मांडली. समाजाला अस्वस्थ करणारे ते हेच होते.

६

ताहा हुसैन यांच्या आधीच्या दोन पिढ्यांनी अरबत्वाची आधुनिक कल्पना सिद्ध केली होती. १८६० साली लेबनॉन पर्वतात आणि दमास्कसमध्ये धार्मिक कत्तली झाल्या. त्यानंतर बुत्रुस अल्-बुस्तानी (१८१९-१८८३) यांनी 'नफीर सूरिय्या' या पत्रकांतून देशबांधवांना आवाहन केले, १८६३ मध्ये सर्व धर्मांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शाळा काढली आणि पुढे 'मुहीत अल्-मुहीत' हा कोश सिद्ध केला. बुस्तानी हे मॅरोनाइट कुटुंबात जन्मलेले, पुढे प्रॉटेस्टंट झालेले गृहस्थ. मुसलमान आणि ख्रिस्ती यांना धर्म एकत्र आणू शकत नव्हता. कोश आणू शकत होता. जुर्जी झैदान यांनी १९११ ते १९१४ या काळात लिहिलेला वाङ्मयाचा इतिहास 'अरबी भाषेच्या वाङ्मयाचा' इतिहास आहे, 'अरबांच्या' वाङ्मयाचा नव्हे, हा शीर्षकातील भेद अर्थपूर्ण आहे. याच झैदान यांची कैरोच्या नव्या विद्यापीठात इस्लामी इतिहास शिकविण्यासाठी झालेली नियुक्ती १९१० साली ते ख्रिस्ती असल्यामुळे रद्द झाली होती. भाषेने दिलेले नागरिकत्व किती नाजूक असते, हे त्यांनी स्वतः अनुभवले.

बुस्तानींपाशी भाषा हे निमंत्रण होते. साती अल्-हुस्री (मृत्यू १९६८) यांच्याकडे तिचे फर्मान झाले. येमेनमधील सना येथे उस्मानी अधिकाऱ्याच्या घरी जन्मलेले, इस्तंबूलमध्ये शिकलेले हुस्री प्रथम तुर्की भाषेतच लिहीत असत. अरबी त्यांनी प्रौढपणी आपलीशी केली. जर्मन राष्ट्रवादी विचारांच्या प्रभावाखाली त्यांनी असे प्रतिपादिले की, जो अरबी बोलतो तो अरब होय, मग त्याची तशी इच्छा असो वा नसो. वंश आणि धर्म यांना बाजूस सारणारा हा सिद्धान्त दिसावयास उदार आहे. पण 'इच्छा असो वा नसो' या अटीत त्याचे जोखड दडलेले आहे. शिवाय तो व्यवहारात टिकला नाही. १९२७ साली हुस्री इराकच्या शिक्षणखात्याचे प्रमुख असताना नजफच्या एका विद्वान घराण्यातील तरुण कवी मुहम्मद महदी अल्-जवाहिरी यांच्या शिक्षकपदाला त्यांनी इराणी नागरिकत्वाच्या कारणावरून हरकत घेतली, आणि इराणातील निसर्गाचे वर्णन करणारी त्यांची एक कविता प्रसिद्ध झाल्यावर त्यांना पदावरून दूर केले. जवाहिरी पुढे विसाव्या शतकातील अभिजात अरबी काव्याचे अग्रगण्य प्रतिनिधी ठरले. भाषा हाच एकमेव निकष मानणाऱ्या विचारवंताने भाषेचा एवढा धनी असलेल्या कवीकडे कागदपत्रे मागितली. निकष भाषेचा, पण संशय वंशाचा – अब्बासी काळातील मौलाची स्थिती आधुनिक राज्यात अशी परतली.

फर्मानाची दुसरी बाजू अल्जीरियात दिसली. फ्रेंच राजवटीने अरबीला शतकाहून अधिक काळ दडपले होते. स्वातंत्र्यानंतर अरबीकरणाचे धोरण येणे समजण्यासारखे होते. परंतु ज्यांची मातृभाषा कबाइली वा अन्य अमाझिग भाषा होती, त्यांच्या दृष्टीने हा एका दडपणानंतरचा दुसरा दडपणुकीचा काळ ठरला. मार्च १९८० मध्ये तिझी उझू येथील विद्यापीठात मुलूद मामेरी यांचे प्राचीन कबाइली काव्यावरील व्याख्यान होऊ दिले गेले नाही, आणि त्यातून 'बर्बर वसंत' या नावाने ओळखले जाणारे आंदोलन उभे राहिले. तमाझिग्त भाषेला राष्ट्रीय भाषेचा दर्जा २००२ मध्ये आणि राजभाषेचा २०१६ मध्ये मिळाला. मोरोक्कोने तो २०११ मध्ये दिला होता. काव्यावरील एका व्याख्यानाची राज्यसंस्थेस भीती वाटावी, याचा अर्थ वाङ्मयाचा प्रश्न हा अस्मितेच्या प्रश्नाचा परिशिष्ट भाग नसून त्याचा गाभा आहे, असाच होतो.

७

सीमेवरच्या लेखकांकडे पाहिल्यास व्याख्येची खरी परीक्षा होते. समीर नक्काश (१९३८-२००४) बगदादच्या यहुदी कुटुंबात जन्मले. १९५०-५१ मध्ये सुमारे १,२०,००० यहुदी इराक सोडून गेले, त्यांत त्यांचे कुटुंब होते. इस्रायलमध्ये त्यांनी आयुष्यभर अरबीतच लेखन केले. बगदादच्या यहुदी आणि मुसलमान बोली त्यांच्या पात्रांच्या तोंडी येतात आणि त्यांचा अर्थ प्रमाण अरबीत तळटीपांतून द्यावा लागतो. नव्या देशात त्यांना वाचक नव्हता. जुन्या जगात त्यांचे नाव वर्ज्य होते. अन्तोन शम्मास या गालीलीतील ख्रिस्ती पॅलेस्टिनी लेखकाने १९८६ साली 'अरबेस्क' ही कादंबरी हिब्रूत लिहिली आणि हिब्रू साहित्य हे यहुद्यांचेच असते काय, हा प्रश्न त्या भाषेच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवला. अरबीत लिहिणारा यहुदी आणि हिब्रूत लिहिणारा अरब यांना शेजारी ठेवले म्हणजे भाषा, धर्म आणि राष्ट्र यांची समीकरणे मोडतात. तरीही या दोघांच्या लेखनाला अरबी वाङ्मयपरंपरेचा संदर्भ सोडून वाचता येत नाही. दक्षिण सुदानची स्थिती याच्या नेमकी उलट आहे : अरबीकरण करू पाहणाऱ्या राज्याविरुद्ध लढून २०११ मध्ये स्वतंत्र झालेल्या त्या देशात निरनिराळ्या जमाती परस्परांशी जूबा अरबीत बोलतात. अरबी त्यांच्या जिभेवर आहे. तिचा भूतकाळ त्यांनी आपला मानलेला नाही.

आणखी एक वस्तुस्थिती अरबीला इतर अनेक भाषांपासून वेगळी काढते. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली द्विभाषिकतेच्या ज्या विशिष्ट प्रकाराचे विवेचन केले, त्यातील एक प्रमुख उदाहरण अरबीचे होते : लेखनाची, धर्माची आणि विद्वत्तेची उच्च भाषा एक, घरात, बाजारात बोलली जाणारी भाषा दुसरी. प्रमाण अरबी ही कोणाचीच मातृभाषा नाही. मोरोक्कोतील शेतकऱ्याचे मूल आणि इराकमधील मंत्र्याचे मूल, दोघेही ती शाळेत जाऊनच शिकतात, जशी सीबवैहने बसऱ्यात शिकली. वर्ग, शाळा आणि संधी यांमुळे कोणाला ती अधिक मिळते, कोणाला कमी. पण जन्मतः ती कोणालाच मिळत नाही. म्हणून भाषेला अरबत्वाचा निकष मानणे म्हणजे, काटेकोर अर्थाने, संपादनाला निकष मानणे होय. भाषेचा निकष सांगत असताना वंशाचा अभिमान बाळगणारी भूमिका त्यामुळे आतूनच विसंगत ठरते.

यावरून अरब अस्मिता पोकळ किंवा कृत्रिम आहे असा निष्कर्ष काढणे चूक होईल. जे घडविलेले आहे ते खोटे असते, हे गृहीतकच तपासण्यासारखे आहे. महमूद दर्वीश यांच्या १९६४ मधील 'ओळखपत्र' या कवितेतील निवेदक परक्या अधिकाऱ्याच्या पुढे आपल्या अरब असण्याची नोंद करवून घेतो, तेव्हा तो कोणती वंशावळ सिद्ध करीत नाही. नाकारल्या गेलेल्या माणसांच्या वतीने तो आपले नाव धारण करतो. त्या नावामागे बसऱ्याचे मौला, बैरूतचे कोशकार, कैरोचे संशयवादी अध्यापक आणि बगदाद सोडून गेलेले कथाकार या सर्वांचे श्रम जमा झालेले आहेत. अरबी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे यातून एक स्पष्ट कर्तव्य उभे राहते. 'अरब' हा शब्द सिद्ध वस्तूचे नाव म्हणून न वापरता प्रत्येक कालखंडात तो कोणी, कोणासाठी आणि कोणाला वगळून वापरला, हे त्याला सांगावे लागेल. तसे केल्यास मुस्तअरिबा ही वंशावळीतील दुय्यम शाखा राहणार नाही. ज्या परंपरेचा पूर्वपुरुषच शेजारच्या टोळीकडून भाषा शिकला, तिच्यात शिकून आलेल्याला उपरा म्हणण्याचा अधिकार कोणाकडे असू शकेल, हा प्रश्न मग टाळता येणार नाही.